तिसरा दोर

१

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आला की हमदुल्ला जेवायचा, हात धुवायचा आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसायचा. बसायचा म्हणजे बसायचाच. टीव्ही चालू असला तर बघायचा नाही, बंद असला तर लाव म्हणायचा नाही. शारजातल्या त्या सातव्या मजल्याच्या खिडकीतून दिसत तरी काय होतं? अर्धी बांधून सोडलेली एक बिल्डिंग आणि तिच्या डोक्यावर थांबून राहिलेली क्रेन. दोन महिने ती क्रेन हलली नव्हती, आणि दोन महिने हा माणूसही.

हमरिया फ्री झोनमधल्या एका यार्डात तो रिगर होता. क्रेनच्या हुकाला लोखंड बांधून द्यायचं, खाली उभं राहून हातानं इशारे करायचे, वरचा ड्रायव्हर तसा माल उचलणार, तसा ठेवणार. डोंगराएवढं लोखंड याच्या हाताकडे बघून हलायचं. मग सगळ्या दुनियेचाच धंदा बसला आणि नोव्हेंबरात यार्डाच्या गेटला कुलूप लागलं. "घरी बसा, कळवतो," म्हणाले. कोण कळवतंय!

जुलेखा त्याची बायको. श्रीवर्धनची, चौथी पास, आणि तोंडाची अशी, की बिल्डिंगचा वॉचमन तिला लांबून बघितलं की लिफ्ट धरून ठेवायचा. नोकरी गेली याचं तिला एवढं काही वाटलं नव्हतं. नोकऱ्या जातात आणि येतात. गावाला डोक्यावर छप्पर होतं. तिला भीती होती ती वेगळीच. माणूस थोडा थोडा करून कमी होत चालला होता. आधी हसणं गेलं, मग चिडणं गेलं, मग आमटीत मीठ नसलं तरी गुमान खायला लागला. आणि गेल्या आठवड्यात पहाटे तिला जाग आली तर हा बाल्कनीत, कठड्याला पोट टेकून, खाली बघत उभा. तिनं हाक मारली नाही. जाऊन दंड धरला आणि आत आणला. सकाळी स्क्रू ड्रायव्हर घेतला, बाल्कनीच्या दाराची मूठ काढली आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवली.

"मूठ कुठं गेली?" उझमानं विचारलं. पंधरा वर्षांची पोर, एकुलती एक.

"मोडली."

"अम्मी, इट वॉज फाइन यस्टरडे."

"काल होती. आज मोडली. जा, अभ्यास कर."

पोरीनं आईकडे बघितलं, मग खुर्चीतल्या बापाकडे, आणि वही उघडली. तिला काय कळत नव्हतं थोडंच.

त्या शुक्रवारी ताटं उचलता उचलता जुलेखा म्हणाली, "उठा. फुजैराला जाऊ. बैल बघायला."

हमदुल्लानं मान वळवली. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात तो आपल्या दोस्ताबरोबर फुजैराला बैलांच्या टकरी बघायला जायचा, आणि लग्न झाल्यापासून ही त्याला शिव्या घालायची. सुट्टीच्या दिवशी जनावरं डोकी आपटतात ती बघायला एवढं पेट्रोल जाळायचं?

"तू येणार?" तो म्हणाला. कित्येक दिवसांत त्यानं स्वतःहून काही विचारलं नव्हतं.

"मी येणार. का, मला बघून बैल पळतील?"

२

गाडी अजीजची. अजीज हर्णैचा, हमदुल्लाचा जुना दोस्त. बायको-पोरं गावाला, हा इथं एका खोलीत पाचजणांत पलंग भाड्यानं घेऊन राहणारा.

"भाभी, आज सूरज कुठून उगवला?" गाडीत बसता बसता तो म्हणाला.

"तुझ्या टकलातून. पुढं बघून चालव."

अजीज हसला. रस्ताभर बडबडत राहिला. "हमदुल्ला यायचा बंद झाला तरी मी येत होतो हां, दर शुक्रवारी. एकटा. खोलीत बसून करायचं काय?" मग रेडिओ लावला, मग बंद केला, मग पुन्हा लावला. जुलेखाला वाटलं, आज याला जरा जास्तच तोंड फुटलंय.

धैदच्या पुढं डोंगर लागले, चहाच्या रंगाचे, झाड ना झुडूप. मसाफीला रस्त्याकडेच्या बाजारात थांबून उकडलेले चणे घेतले. "तीन दिरहम? म्हणजे चाळीस रुपये! चण्याला!" जुलेखा दुकानदारावर तुटून पडली. दुकानदार पठाण होता. त्यानं हात जोडले आणि मूठभर जास्त टाकले. उझमा कानात गाणी घालून खिडकीबाहेर बघत होती, पण ओठ दाबून हसत होती.

मैदान म्हणजे काही स्टेडियम नव्हतं. एका बाजूला समुद्राकडे जाणारा रस्ता, दुसऱ्या बाजूला खजुराची बाग, मधे मातीचं गोल रिंगण आणि त्याला कमरेएवढी तार. तारेला नाक लावून चारी बाजूंनी गाड्या उभ्या. कुणी टपावर, कुणी बॉनेटवर, म्हातारे घरून आणलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. बाया गाडीतून काच खाली करून बघत होत्या. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यांतले अरब, पठाण, बंगाली, आपले लोक, सगळे एकाच धुळीत. पिकअपमधून एकेक बैल उतरत होता.

"अगं बाई," जुलेखा म्हणाली, "हे तर आपल्याकडचेच!" तशीच वशिंडं, तशीच गळ्याखाली लोंबणारी पोळी, तसेच काळेभोर डोळे. फक्त खाऊन खाऊन मातलेले. एकेकाची मान माणसाच्या कमरेएवढी.

आणि हमदुल्ला बोलायला लागला.

"शिंगं मारत नाहीत ते. माथ्याला माथा लावतात आणि ढकलतात. जो मागं फिरला तो हरला. खलास. रक्त नाही, काही नाही." तो तारेवर हात ठेवून वाकला होता. "आणि ते बघ, प्रत्येकाच्या गळ्यात लांब दोर आहे ना? तो तसाच मातीत सोडतात. पंचानं काठी वर केली की सगळ्यांनी दोराला लागायचं आणि दोघांना दोन बाजूंना ओढायचं. नाहीतर सोडत नाहीत एकमेकांना. कुणीही जाऊन ओढलं तरी चालतं. मी पण ओढायचो."

एवढं बोलणं! जुलेखानं चणे तोंडात टाकले आणि मुद्दाम काहीच बोलली नाही. हरणाच्या पुढ्यात उभं राहावं तशी श्वास धरून उभी राहिली.

पहिली जोडी लागली. माथे आपटले तो आवाज तिच्या पोटात घुमला. धूळ उडाली, लाऊडस्पीकरवरचा माणूस अरबीत ओरडायला लागला आणि जुलेखा मराठीत. "ढकल! अरे ढकल की मेल्या, खातोस काय फुकट!" पलीकडच्या टपावरचे अरब तिच्याकडे बघून टाळ्या पिटायला लागले. तिसऱ्या का चौथ्या जोडीतला हरलेला तांबडा बैल तारेवरून उडी मारून थेट गाड्यांत घुसला. काय पळापळ! एक लठ्ठ कंदुरावाला धापा टाकत यांच्याच बॉनेटवर चढला, पाठोपाठ जुलेखा, पाठोपाठ उझमा. बैल दोन गाड्यांमधून शिस्तीत चालत गेला, जसं काही त्याला पार्किंगची पावती घ्यायची होती. कंदुरावाला जुलेखाला म्हणाला, "हबीबी, गुड?" आणि ती म्हणाली, "गुड काय गुड, माझी चप्पल तुमच्या खाली आहे!"

हमदुल्ला हसला. दात दिसेपर्यंत हसला.

येऊ, तिनं मनात म्हटलं. दर शुक्रवारी येऊ. पेट्रोल जळू दे.

३

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा तिला ते दिसलं. आधी दोर नाही दिसला. आधी पाय दिसले.

रिंगणात माणसांची ये-जा चालू होती. पंच, बैलांचे मालक, दोर ओढणारे. आणि मधल्या एका जागी आला की प्रत्येक माणूस पाय जरा उंच उचलत होता. उंबरा ओलांडतो तसा. खाली कुणी बघत नव्हतं. बोलता बोलता, फोनवर हसता हसता, तिथं आले की पाय उचलायचे आणि पलीकडे ठेवायचे. एक छोटं कुत्रं पळत आलं, त्यानंसुद्धा तिथं टुणकन उडी मारली.

जुलेखानं चष्मा ओढणीला पुसला. तिथं एक दोर पडलेला होता. जाडा, मातीच्याच रंगाचा.

असेल. दोर तर किती होते. पण रिंगणात त्या वेळी दोन बैल होते आणि दोन्ही बैलांचे दोर तिला दिसत होते. एक निळा नायलॉनचा, एक पांढरा. हा तिसरा कुणाचा?

आधीच्या जोडीचा राहिला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. आपली माणसं कुठं जागच्या जागी वस्तू ठेवतात?

मगरिबची बांग झाली. खेळ थांबला. बैल आपापल्या पिकअपला आपापल्या दोरांनी बांधले गेले, पुरुष पलीकडे चटया टाकून ओळीनं उभे राहिले. हमदुल्ला आणि अजीजही गेले. रिंगण मोकळं झालं.

दोर तिथंच होता. आता नीट दिसत होता. रिंगणाच्या मधोमध त्याचं एक टोक, आणि तिथून तो सरळ खजुराच्या बागेकडे गेलेला. तारेखालून, दोन गाड्यांच्या मधून, अंधारात.

आणि तिच्या देखत तो ताणला गेला. वाऱ्यानं नाही. वारा नव्हताच. मातीवरून वीतभर वर उठला, सरळ झाला, थोडा वेळ तसाच राहिला आणि हळूच पुन्हा खाली टेकला. रिंगणातलं टोक कुणीही धरलं नव्हतं.

"उझमा," ती म्हणाली, "तो दोर बघितलास?"

"व्हॉट दोर?" उझमा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

पुरुष नमाजेहून परत आले. तिनं अजीजला बोट दाखवून विचारलं.

"कुठला दोर, भाभी?" तो म्हणाला. त्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. "बांधला असेल कुणी गाडीला. चहा आणू? आता मोठी जोडी आहे, दिवे लावून खेळवणार आहेत." आणि हात खिशात घालून तो चहाच्या टपरीकडे चालू लागला.

४

दुसरी कुणी असती तर गाडीत बसून काच वर केली असती. जुलेखाचा स्वभाव असा नव्हता. घरात खुडबुड झाली तर ती झाडू घेऊन आवाजाकडे जाणारी बाई. हमदुल्ला तारेजवळ उभा आहे आणि उझमा त्याच्या शेजारी आहे एवढं बघितलं आणि ती गाड्यांच्या मागून बागेकडे निघाली. कुणाची गाडी आहे, कुठं बांधलाय, एकदा डोळ्यांनी बघितलं की झालं. मनातली खुटखुट जाईल.

मागं दिवे लागले, लाऊडस्पीकर खरखरला. बागेत पाण्याचा कोरडा पाट होता, सुकलेल्या झावळ्या पायाखाली मोडत होत्या. दोर तिच्या डावीकडून चालला होता, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एकाही झाडाला न टेकता. गाडी दिसेना.

जरा पुढं गेल्यावर लोकांचा आवाज थांबला. कमी कमी होत थांबला नाही, दार लावल्यावर थांबतो तसा थांबला. आणि बागेत जो आवाज राहिला तो बागेचा नव्हता. बागेत रातकिडे असतात, पानं असतात. हा बंद खोलीचा आवाज होता. एसीची घरघर. त्याच्या नळीतून बादलीत पडणारं पाणी, टप, टप. आणि लांब कुठंतरी टीव्ही, कुणीच बघत नसलेला.

कामगारांच्या खोल्या असतील मागं, तिनं स्वतःला सांगितलं. असतात शेतात. पण उजेड कुठंच नव्हता.

तिनं दोरावर हात ठेवला. गरम होता. नुकत्याच सोडलेल्या गादीसारखा गरम. आणि त्या टोकाला कुणीतरी पकड बदलली. गावाला होडी ओढताना तिनं लहानपणी दोर धरला होता, तिला माहीत होतं ते. ओढताना माणूस एक हात सोडून पुढं घेतो तेव्हा दोर जरा ढिला पडतो आणि मग पुन्हा घट्ट होतो. तसं. पण एका हाताचं नाही. खूप हातांचं, एकामागून एक, लांबवर जात राहिलेलं.

मग तिनं खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकला. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय मातीवरून ओढले जातात तो. एक खुर्ची सरकली, मग तिच्या शेजारची, मग तिच्या शेजारची.

कुणीतरी कुणासाठी जागा करत होतं.

जुलेखा वळली आणि पळत सुटली. पळताना तिला स्वतःचाच राग येत होता. पण थांबली नाही.

५

ती गाड्यांमधून बाहेर आली तेव्हा रिंगणात कल्लोळ चालला होता. पंचाची काठी वर होती. निळ्या दोराला दहा-बारा माणसं, पांढऱ्या दोराला तेवढीच, घामाघूम होऊन, ओरडत, पाय रोवून बैलांना दोन बाजूंना ओढत होती. सगळे बघत होते ते तिकडंच.

आणि त्या दोन घोळक्यांच्या मधे एकटा हमदुल्ला. त्याच्या हातात तिसरा दोर होता.

तो ओढत नव्हता. लहान पोर मोठ्या माणसाचं बोट धरतं तसा त्यानं दोर धरला होता आणि तो तिच्याकडे, म्हणजे बागेकडे, सावकाश चालत येत होता. उझमा तारेबाहेरून हाका मारत होती, "अब्बा! अब्बा, कम बॅक!" बैल सुटले, टाळ्या वाजल्या, लोक आपल्या बैलांमागं धावले. हमदुल्ला तारेखालून वाकून बाहेर आला.

जुलेखा आडवी उभी राहिली. "कुठं निघालात?"

"बसतो जरा," तो म्हणाला. आवाज इतका गोड की तिच्या अंगावर काटा आला. "पाय दुखतात गं."

तिनं हातावर चापट मारली. बोटं उपटायला गेली. मूठ आवळलेली नव्हती, बोटं नुसती दोरावर टेकलेली होती, तरी निघेनात. तिनं त्याच्या छातीवर बुक्के मारले, त्याच्या बापाचा, आजाचा उद्धार केला. तो तिच्या बाजूनं चालत राहिला. बाजूनं असा, जसं रस्त्यात एखादा खांब असावा.

तेव्हा तिनं ती चूक केली. त्याच्या पुढं गेली, बागेकडचा दोर दोन्ही हातांनी पकडला, मनगटाला एक वेढा दिला आणि मागं ओढला. बघू कोण ओढतंय ते. चारचौघांत जुलेखा हरल्याचं कुणी बघितलं नव्हतं.

दोरानं झटका दिला नाही. उलट, हलकं वाटलं. पहिल्यांदा कंबरेतली कळ गेली, जी उझमा झाली तेव्हापासून होती. मग घरभाडं गेलं, शाळा गेली, गावच्या घराची फुटकी कौलं गेली, बाल्कनीचं दार गेलं. डोक्यातून एकेक सामान कुणीतरी अलगद उचलून बाहेर ठेवत होतं. किती बरं वाटत होतं! आणि तिला कळलं, हा दोन महिने का उठत नव्हता. आळस नव्हता तो. याला कुणीतरी आधीच दोराला लावलं होतं.

ती चालत होती. चालतोय हे तिला ओढणी कशालातरी अडकून फाटली तेव्हा कळलं. हमदुल्ला मागं राहिला होता, त्याचा हात सुटला होता. चला, सुटला ना, तिनं म्हटलं. मग माझं काय व्हायचं ते होवो. बागेत पाय टाकला आणि लोकांचा आवाज बंद झाला.

आधी गुडघे दिसले. ओळीनं, शेजारी शेजारी, खुर्च्यांवर बसलेल्या माणसांचे. निळ्या कामाच्या पँटी, इस्त्रीच्या पँटी, कंदुरे, मधेच एक साडी. मांड्यांवरून दोर गेलेला आणि त्यावर टेकलेले हात, सैल, निवांत. सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले. छातीच्या वर काय होतं ते तिनं बघितलं नाही, किंवा तिथं अंधार होता. ओळीला पलीकडे शेवट दिसला नाही. अलीकडे दिसला. अलीकडची खुर्ची रिकामी होती.

शेजारच्या हातानं त्या खुर्चीवर दोनदा हलकेच थोपटलं. बस.

किती वर्षांत कुणी तिला बस म्हटलं नव्हतं.

"आरिया!"

तो आवाज बागेतून आला नाही, खोलीतूनही नाही. मागून आला, तारेपलीकडून, असा की खजुराची झाडं हलावीत. माल खाली सोड, म्हणून यार्डात क्रेनवाल्याला देतात ती आरोळी. आणि पाठोपाठ उझमा रडत, "अब्बा, डू समथिंग!" आणि मग धावणारे पाय.

हमदुल्ला आला तो गुडघ्यावरच पडला. दोरावर गुडघा रोवला, त्याच्यापुढं टाच रोवली. "हाताला गुंडाळतात दोर? अक्कल आहे का? बोटं जातील तुझी! उघड मूठ!"

"उघडत नाही," ती म्हणाली. तिला बोलायचासुद्धा कंटाळा येत होता.

"उघडते. माझ्याकडं बघ. तिकडं नाही, माझ्याकडं. जुले! अंगठा आधी. अंगठा सोडला की बाकीची येतात."

त्यानं तिचा अंगठा धरून वर केला. मग एकेक बोट सोडवलं, गाठ सोडवावी तसं, घाई न करता. मागून उझमानं आईच्या कमरेला मिठी मारली होती आणि पोर अख्ख्या वजनानं मागं झुकली होती. शेवटचं बोट निघालं आणि तिघंही पाटात कोसळली.

दोर सरसरत गेला नाही. सावकाश गेला, झावळ्यांवरून, काहीच घाई नसल्यासारखा. हमदुल्ला उभा राहिला आणि त्या अंधारासमोर हात आडवा धरून त्यानं थांबण्याची खूण केली. दोर दिसेनासा होईपर्यंत हात खाली घेतला नाही.

६

परतीच्या वाटेवर हमदुल्लानं तिला शिव्या घातल्या. दोर कसा धरतात, कसा धरत नाहीत, कुणाचा हात कसा तुटला, बायकांनी कशात नाक खुपसायचं नसतं ते. "आणि चष्मा कुठं पाडलास? दुसरा चष्मा काय झाडाला लागतो?" एरवी जुलेखानं एकेक शब्द उलटा पाठवला असता. ती मागच्या सीटवर उझमाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि ऐकत होती. बोला, ती मनात म्हणत होती. आणखी बोला.

बागेत काय बघितलं ते तिनं सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. दोघांनाही एवढंच पुरे होतं, की ती अलीकडची खुर्ची रिकामी राहिली.

बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की अजीज एक शब्द बोललेला नाही. रेडिओ बंद होता. जाताना चपरचपर चाललेला माणूस आता स्टिअरिंग धरून समोर बघत होता, आणि गाडी हळू होत चालली होती. घाटातले ट्रकसुद्धा पुढं जात होते.

हमदुल्लानं त्याच्याकडे वळून बघितलं. मग म्हणाला, "अजीज, हात दाखव."

"गाडी चालवतोय यार."

"दाखव."

अजीजनं उजवा हात स्टिअरिंगवरून काढून त्याच्यापुढं धरला. हमदुल्लानं आतला दिवा लावला. तळव्यावर आडवी खाच होती. जखम नव्हती, वळ नव्हता. विहिरीच्या लाकडावर दोर जाऊन जाऊन पडते तशी, जुनी, गुळगुळीत.

"कधीपासून?"

"तू यायचा थांबलास ना, तेव्हापासून." अजीज हसल्यासारखा हसला. "तसं काही वाईट नाही रे, हमदुल्ला. खरंच सांगतो. खुर्ची चांगली आहे. पाय दुखत नाहीत."

"बाजूला घे," हमदुल्ला म्हणाला. "उतर. चावी दे. मी चालवतो."

"मला खोलीवर सोड, मग..."

"खोलीवर नाही. आमच्याकडे."

"अरे, मी ठीक आहे..."

"ए अजीज," जुलेखा मागून म्हणाली, "गप मागं येऊन बस. उझमा, पुढं जा. घरी बांगडे आहेत, उद्या करणार आहे. खाऊन मग कुठं जायचं ते जा, आणि तेही मला विचारून."

अजीज मागं येऊन बसला. तिनं त्याचं मनगट धरलं. थंड होतं आणि जरासं त्या डोंगरांच्या बाजूला ओढ घेत होतं. किंवा तिला तसं वाटलं. तिनं आपला दुसरा हातही वर घातला.

"फोन काढ. गावाला लाव. बायकोला."

"झोपली असेल ती, भाभी. तिकडं उशीर झालाय."

"उठव."

त्यानं डाव्या हातानं नंबर लावला. बराच वेळ वाजला. हमदुल्लानं गाडी सुरू करून रस्त्यावर घेतली होती. मग पलीकडून एक झोपाळलेला, घाबरलेला आणि क्षणात तापलेला आवाज सगळ्या गाडीला ऐकू आला. महिना झाला फोन नाही. कुठं मेला होतात? मुलगा बाप बाप करतो, त्याला काय सांगू? आणि आता रात्री उठवायचं सुचलं? बोला ना! मुके झालात?

जुलेखानं कोपरानं त्याला ढोसलं.

"ऐकतोय," तो म्हणाला. मग घसा साफ केला. "अगं, ऐकतोय. ओरडू नकोस. मुलगा कुठाय? त्याला दे ना."

तो बोलत राहिला. आधी एकेक शब्द, मग वाक्यं, मग रडता रडता भांडणं. पुढच्या सीटवर उझमा डोळे पुसत होती आणि हमदुल्ला रस्ता बघून नीट, सावध गाडी हाकत होता. शारजाचे दिवे दिसले. लिफ्टनं वर जाईपर्यंत, दार उघडून आतून कडी लावेपर्यंत जुलेखानं अजीजचं मनगट सोडलं नाही.